उंबरठ्याबाहेरचं विशेषण

मॅट्रिकला मी इंग्रजीत दोनदा नापास झाले, आणि दोन्ही वेळा ही बातमी पनवेलभर फिरून मग आमच्या घरी आली. दुसऱ्या वेळचं कार्ड हातात देताना पोस्टमननं विचारलं, “इंग्रजीच ना?” कार्ड उघडं असतं, वाचणाऱ्याचा काय दोष? पण माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असायचा. मी फणकाऱ्यानं म्हटलं, “तुम्हाला येतं का?”

“नाही,” तो म्हणाला. “म्हणून तर क्लासला जातो. तुम्ही पण या. ‘ओल्ड’ची जागा रिकामी आहे.”

त्याच्या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही, पण दादानं आदल्याच रात्री जाहीर केलं होतं की तिसऱ्यांदा नापास झालीस तर पुस्तकं रद्दीत आणि तू बोहल्यावर. बोहल्याला माझी ना नव्हती, पण तो असा शिक्षा म्हणून नको होता. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी वही घेऊन निघाले.

क्लास आमच्याच आळीत होता. तो चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी जन्मात शाळेत शिकवलेलं नव्हतं. तीस वर्षं ते मुंबईच्या एका छापखान्यात इंग्रजी खिळे जुळवत होते. शिशाची उलटी अक्षरं चिमटीत धरून, एकापुढे एक लावून, त्यांनी इंग्रजीतली पानंच्या पानं उभी केली होती. कुठला शब्द कुठल्या शब्दाच्या आधी येतो हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. का येतो, असं विचारलं की ते बोटांकडे पाहायचे आणि मग विचारणाऱ्याकडे रागानं पाहायचे.

छापखान्यात प्रत्येक खिळ्याला त्याचा खण. एका खणात दोन जातीचे खिळे पडले की छपाईचा सत्यानाश. तीच शिस्त मास्तरांनी क्लासला लावली होती. प्रत्येक विद्यार्थ्याला एक शब्द. एकच. तो शब्द पक्का झाल्याशिवाय दुसरा मिळायचा नाही, आणि मी असेपर्यंत कोणाचाच झाला नाही. मास्तरांच्या मते विद्यार्थी आणि इंग्रजी ह्यांचा मेळ घालायचा तर विद्यार्थ्यांनाच नीट जुळवून बसवलं पाहिजे. म्हणून मास्तरांच्या घरच्या ओटीवर आमची रांग लागायची. रांगेच्या शेवटी मास्तरांनी छापखान्यातून निवृत्त होताना आणलेली खिळ्यांची लाकडी पेटी ठेवलेली असे. ती पेटी म्हणजे नाम.

पेटीपासून सर्वांत लांब, रांगेच्या तोंडाला, ‘ब्युटिफुल’. हा शब्द वखारवाल्या चाचांकडे होता. चाचा साठीचे, पोट सुटलेले, दाढीत लाकडाचा भुसा. त्यांच्यानंतर ‘बिग’. हा आमचा पोस्टमन, जो उभा राहिला तरी बसलेल्या चाचांएवढाच दिसायचा. मग मी, ‘ओल्ड’. मी वीस वर्षांची होते. “मी म्हातारी कशी?” असं विचारल्यावर मास्तर म्हणाले, “खण रिकामा होता.” माझ्यानंतर ‘ब्लॅक’. ह्या शब्दाचा मालक गोरापान शिंपी होता. आपल्याला चारचौघांत रोज काळा म्हणवून घ्यावं लागतं ह्या दुःखानं तो महिनाभरातच क्लास सोडून गेला. मास्तरांनी त्याच्या जागी दुसरा शब्द सरकू दिला नाही. तिथं आपली छत्री आडवी ठेवली, आणि आम्ही तिलाच ‘ब्लॅक’ म्हणू लागलो. वाक्य म्हणताना माझा ‘ओल्ड’ झाला की आम्ही सगळे छत्रीचं बोलणं संपेपर्यंत थांबायचो. आणि छत्रीच्या पलीकडे, पेटीला लागून, ‘वुडन’.

‘वुडन’ म्हणजे कोळीवाड्यातला एक चाळिशीचा माणूस. माझ्यासारखा त्याला कोणी बोहल्याचा धाक घातला नव्हता. त्याची होडी गेली होती.

नवरात्रातल्या वादळात दोर तुटून त्याची होडी खाडीतून वाहत गेली, आणि अशाच दहा-बारा होड्यांबरोबर मोऱ्याच्या बंदरात आणून बांधली गेली. तिचा नंबर ज्या फळीवर होता ती फळीच वादळात गेली. बंदरावरच्या कचेरीत नवे साहेब आले होते, दक्षिणेकडचे. मराठीचा गंध नाही, हिंदीचा राग. सुरुवातीला त्यांनी दुभाषा ठेवला. पण त्या दुभाषाला इंग्रजी इतकंच येत होतं की त्यानं सगळ्यांच्या होड्या एकसारख्या करून टाकल्या, आणि दोन होड्या चुकीच्या माणसांना गेल्या. साहेब चिडले. त्यांनी हुकूम काढला: आपली होडी कशी आहे हे मालकानं स्वतः येऊन इंग्रजीत सांगावं, मगच होडी दाखवण्यात येईल. कोणी न सांगितलेल्या होड्यांचा शिमग्यानंतर लिलाव.

त्यानं आधी कचेरीजवळच्या अर्जलेखकाकडून अर्ज करून पाहिला होता. त्या अर्जात साहेबांना बारा विशेषणं होती आणि होडीला एकही नव्हतं. अर्ज परत आला.

“होरी नाय त आमी काय करावा?” पहिल्या दिवशी तो मास्तरांना म्हणाला. “चार पोरा हायत. दुसऱ्याच्या होरीवर किती दिस जावा?” मास्तर म्हणाले, बस. आणि पेटीजवळची जागा दाखवली. होडी लाकडी, म्हणून त्याला ‘वुडन’. बाकीचे शब्द बाकीच्यांकडे होतेच. वाक्य तयार होतं: ब्युटिफुल, बिग, ओल्ड, छत्री, वुडन. शेवटी पेटीऐवजी होडी म्हणायचं, की झालं.

हे ऐकून त्याच्या तोंडावर जो विश्वास दिसला, तो मी नंतर फार कमी माणसांच्या तोंडावर पाहिला. मला त्याचं हसू यायचं.

एव्हाना मलाही त्या रांगेचा नाद लागला होता. एकदा घरी स्वयंपाकघरात मी वहिनीला म्हटलं, “ती छान मोठी जुनी काळी लोखंडी कढई दे.” वहिनी म्हणाली, “कढई म्हण. मी ओळखते तिला.” वखारीत चाचाही गिऱ्हाइकाला लाकूड ह्याच क्रमानं सांगू लागले होते असं कानावर आलं. आधी सुंदर, मग केवढं, मग किती जुनं, आणि साग की आंबा हे सर्वांत शेवटी. गिऱ्हाईक तोवर दुसऱ्या वखारीत पोचलेलं असायचं.

दुसरा धडा मात्र घरातल्या घरात अडला. विशेषणाला इंग्रजीत दोन जागा, असं मास्तरांनी सांगितलं. एक नामाच्या आधी, रांगेत. दुसरी ‘इझ’च्या पलीकडे. आता ‘इझ’ कुठून आणायचा? विद्यार्थी संपले होते. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ओटी आणि माजघर ह्यांच्यामधल्या उंबरठ्यावर बोट ठेवलं. “हा ‘इझ’,” ते म्हणाले. “पेटी ओटीवर. तिच्याबद्दल जे सांगायचं ते उंबरठा ओलांडून आत जाईल.”

कल्पना चांगली होती. फक्त ती काढण्याआधी त्यांनी काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, विचारायला हवं होतं.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. कायद्यानं सगळे सारखे झाले होते, पण तो कायदा अजून काकूंच्या ओटीपर्यंतच पोचला होता. ओटीवर कोणीही यावं, बसावं, पाणी मागावं. माजघरात सोवळं-ओवळं. मास्तर म्हणाले, “द बॉक्स इझ ओल्ड.” मी उठले, उंबरठा ओलांडला, आत जाऊन उभी राहिले. मी त्यांच्याच जातीतली. काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“द बॉक्स इझ बिग.” पोस्टमन उठला. त्याचा एक पाय आत पडतो न पडतो तोच स्वयंपाकघरात पळी जोरात आपटली. तो तसाच थांबला, एक पाय माजघरात, एक ओटीवर. मास्तर घाईघाईनं म्हणाले, “पुरे. ‘बिग’ एवढंच जातं.” त्यानंतर सबंध हिवाळाभर ‘बिग’ एवढंच गेलं.

मग चाचा गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. आतून भांडं पडलं. मास्तरांनी दोन्ही हात आडवे केले. “नको, नको, बसा. ‘ब्युटिफुल’ आत जात नाही.”

“म्हणजे?” चाचा.

“इंग्रजीत तसा नियम आहे. काही विशेषणं नामाच्या आधीच बसतात. ‘इझ’च्या पलीकडे चालत नाहीत.”

चाचांनी एकदा मास्तरांकडे, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग ते हसले आणि पुन्हा खाली बसले. “ठीक हाय, मास्तर. खूबसूरती दारातच बरी. घरात शिरली की झगडे होतात.”

“आन् ‘वुडन’?” होडीवाल्यानं विचारलं.

“‘वुडन’ तर मुळीच नाही,” मास्तर म्हणाले.

त्यानं मान हलवली. चाचा हसले तसा तो हसला नाही. त्यानं खांद्यावरचा पंचा घेतला आणि त्याच्या टोकाला एक गाठ मारली. लिहिता येत नसल्यामुळे प्रत्येक नियमाची तो अशी गाठ मारून ठेवायचा. घरी जाताना तो ती गाठ चाचपत तोंडानं पुटपुटत होता, “‘वुडन’ आत जात नाय. ‘वुडन’ आत जात नाय.”

पौषात मला माझ्या मॅट्रिकच्या पुस्तकात एक वाक्य सापडलं. खुर्ची लाकडी आहे, एवढंच. पण त्यात ‘वुडन’ ‘इझ’च्या पलीकडे आरामात बसला होता. पुढच्या पानावर एक बाग होती आणि तीही ‘इझ’ ओलांडून ‘ब्युटिफुल’ झालेली होती. मी पुस्तक घेऊन तरातरा मास्तरांकडे गेले. क्लासची वेळ व्हायची होती. मला ओटीवर थांबण्याचं कारणच नव्हतं, मी सरळ माजघरात. मास्तर चहा पीत होते.

त्यांनी वाक्य वाचलं आणि पुस्तक मिटलं. “हे ओटीवर आणू नकोस.”

“पण मास्तर, तो बिचारा होडीसाठी—”

“होडीला पुढची जागा पुरते. मागच्या जागेवाचून काही अडत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आमची ही क्लास बंद करील. आत्ताच कुरकुर चालली आहे. मग तुझ्या परीक्षेचं काय करशील?”

काकूंनी माझ्यासमोर कप ठेवला आणि चहा ओतला. मी तो प्यायले.

मला वाईट वाटलं का? खरं सांगते, फार नाही. मास्तर मला माजघरात वेगळं शिकवत होते. तिथं मला एकच शब्द नव्हता, सगळे होते. तासाभरानं मी ओटीवर येऊन ‘ओल्ड’ होऊन बसले, मध्ये छत्री, पलीकडे तो. त्यानं मला विचारलं, “ताय, तुमचा बुक काय सांगतंय?” मी म्हटलं, “तेच, जे मास्तर सांगतात.” माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

शिमग्याला चार दिवस उरले तेव्हा आम्ही मोऱ्याला निघालो. सगळेच. वाक्य सहा ठिकाणी वाटलेलं असल्यामुळे त्याला एकट्याला पाठवून चालण्यासारखं नव्हतं. दादाला मी सांगितलं की परीक्षेची तयारी आहे, आणि ते तसं खोटंही नव्हतं. एस.टी.त मास्तरांनी आम्हाला क्रमानं बसवलं आणि छत्रीची जागा राखली. कंडक्टरनं विचारलं, “ही जागा कोणाची?” पोस्टमन म्हणाला, “ब्लॅकची.” कंडक्टरनं छत्री उचलून मास्तरांच्या मांडीवर ठेवली आणि तिथं एका बाईला तिच्या माशांच्या टोपलीसकट बसवलं. उरणपर्यंत आमच्या वाक्याला बोंबलांचा वास येत होता. उरणहून मोऱ्याला चालत गेलो, तेही रांगेनंच.

कचेरी बैठी, कौलारू. बाहेर पडवी, मग उंबरठा, आणि आत टेबलाशी साहेब. तरुण होते, अंगात कडक इस्त्री. दारात एक शिपाई. पडवीतून खाली पाहिलं की बंदरातल्या चिखलात सगळ्या होड्या ओळीनं बांधलेल्या दिसत होत्या, आणि त्यानं आपली ओळखली. त्यानं बोट दाखवलं नाही. तो नुसता बघत राहिला, आणि त्याचा श्वास मला ऐकू येऊ लागला. चार महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं, हा खेळ नाही.

साहेबांनी मान वर करून इतकी माणसं पाहिली आणि काहीतरी विचारलं. मास्तर दोन पावलं पुढे झाले. “सेंटेन्स, सर,” ते म्हणाले. आणि आम्हाला खूण केली.

“ब्युटिफुल,” चाचा म्हणाले.

“बिग,” पोस्टमन टाचा उंचावून म्हणाला.

“ओल्ड,” मी म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि भुवया चढवल्या.

मग आम्ही सगळे छत्रीसाठी थांबलो. साहेब पण थांबले.

“वुडन.” त्याचा शब्द स्वच्छ होता.

आता नाम. पेटी घरी होती. आम्ही सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर ठणठणीत आवाजात म्हणाले, “बॉक्स.”

“बॉक्स?” साहेब म्हणाले.

“बोट, बोट!” पोस्टमन ओरडला.

“तुझा शब्द ‘बिग’!” मास्तर त्याच्यावर खेकसले. “दुसऱ्याच्या खणात हात घालू नकोस!”

साहेबांनी टेबलावर कोपर टेकून कपाळ हातात धरलं. ते हसत होते की काय, कळेना. थोड्या वेळानं ते शिपायाशी बोलले. शिपायानं आम्हाला सांगितलं, “मालक कोण ते साहेब विचारतायत. मालकानं एकट्यानं आत यायचं, टेबलापुढे उभं राहून होडी कशी आहे ते सांगायचं आणि रजिस्टरावर अंगठा करायचा. बाकीच्या जत्रेनं बाहेर थांबा.”

“कम इन,” साहेब म्हणाले. तेवढं आम्हा सगळ्यांनाच कळलं.

होडीवाला पुढे गेला. उंबरठ्याशी पोचला, खाली पाहिलं, आणि थांबला.

“चल की,” शिपाई म्हणाला.

“मी हितूनच सांगतू.”

“का?”

“माजा शबूद आत येत नाय.”

शिपायानं आधी त्याच्याकडे आणि मग आमच्याकडे पाहिलं. “बाहेरचं साहेबांना ऐकू येत नाही. आणि रजिस्टर आत आहे.”

“कम इन, मॅन,” साहेब पुन्हा म्हणाले, जरा जोरात.

ही कचेरी काही त्याची पहिली नव्हती. एरवी तो कुठल्याही कचेरीत बिनदिक्कत शिरला असता. पण आज तो इंग्रजी बोलायला आला होता, आणि आम्ही त्याला जे इंग्रजी शिकवलं होतं त्यात उंबरठा हा व्याकरणाचाच भाग होता. चुकीच्या जागेवरून बोललं की वाक्य चुकणार, वाक्य चुकलं की होडी जाणार. हे चार महिने त्यानं गाठ चाचपून चाचपून पाठ केलं होतं. त्यानं वळून पाहिलं. “मास्तर, तुमी सांगा ना त्याना. ‘वुडन’ आत जात नाय मून. मी आत शिरलू आन् चुकीचा झाला, त सायेब होरी देल का?”

मास्तर छत्रीच्या मुठीकडे पाहत होते. मुठीवर काहीही लिहिलेलं नव्हतं.

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. शिपाई म्हणाला, “साहेबांची लाँच आहे. बोलत नसशील तर तुझी होडी लिलावाच्या यादीत जाते, बघ.” आणि खरंच साहेबांनी टाक दौतीत बुडवला.

मी वाट पाहिली. मास्तर बोलतील, चाचा काही म्हणतील, कोणीतरी. कोणी बोललं नाही. चाचांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांना फक्त शंका होती. ठाऊक दोघांनाच होतं.

“येतो!” मी ओरडले. “आत येतो! ‘वुडन’ आत येतो, ‘ब्युटिफुल’ पण येतो, सगळे येतात. असा काही नियमच नाही. जा आत!”

तो माझ्याकडे पाहत राहिला. “बुकात हाय?”

“आहे.”

“तुमाला ठाव व्हता?”

“हो.”

“कवापासना?”

“पौषापासून,” मी म्हटलं.

मग त्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान वर केली नाही. नियम नव्हता तर मग त्याला आत का जाऊ दिलं नाही, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. ते त्याच्या चेहऱ्यावर उमटताना मी पाहिलं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. तो वळला. उंबरठा ओलांडून आत गेला.

आतून त्याचा आवाज आला. “द बोट इझ बिग. द बोट इझ ओल्ड. द बोट इझ ब्लॅक.” आमचे शब्द. कोणीच त्याला ते दिले नव्हते. ओटीवर बसून बसून, आमच्या तोंडातून पडताना, त्यानं ते सगळेच उचलले होते. मग जरा थांबून, “द बोट इझ वुडन.” आणि शेवटी, अगदी हळू, “द बोट इझ ब्युटिफुल.”

साहेब काही बोलले. शिपायानं भाषांतर केलं, “खाली आठ होड्या आहेत. सगळ्या मोठ्या, जुन्या, काळ्या आणि लाकडी आहेत. तुझी कुठली?”

तेव्हा तो आपल्या बोलीत म्हणाला, “सुकाणूपाशी एक फली आंब्याची हाय, बाकी समदी सागाची. आंब्याची फली मी बशिवली, तिचा येक खिला वाकडा हाय.” शिपायानं हे साहेबांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, खाली जाऊन पाहून आला, आणि मान डोलावली. साहेबांनी लिहून घेतलं. आमचे चार महिने त्या वाकड्या खिळ्यापुढे काडीच्या किमतीचे नव्हते. पोस्टमन माझ्या कानाशी म्हणाला, “हे आधी विचारलं असतं तर?” मी त्याला गप्प बस म्हटलं.

अंगठा झाला. होडी मिळाली. तो चिखलात उतरला आणि तिच्या पोटावरून हात फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. त्याचे खांदे हलत होते. चाचांनी तोंड वळवून दाढी पुसली. मला तर रडायचा हक्कच वाटेना, म्हणून मी मास्तरांवर चिडले. “बोलला का नाहीत?” मी म्हटलं. मास्तर म्हणाले, “तू तरी कुठे बोललीस?” आणि तेही खरंच होतं.

होडी चिखलातच असल्यानं लाकूड सुकलं नव्हतं. भरती लागली होती, वारा चांगला होता. तो खालून ओरडला, “चला, पनवेलला सोडतू.” सगळ्यांना म्हणाला, कोणाला वगळून नाही. मी मनात म्हटलं, मला वगळलं असतं तर बरं झालं असतं.

एकेकाला हात देऊन त्यानं वर घेतलं. चाचांना, पोस्टमनला, मग मास्तरांना. मास्तर क्षणभर थबकले, धोतराचा सोगा सावरला, आणि त्याचा हात धरला. मग माझी पाळी. हात ओला होता, चिखलानं भरलेला, आणि दोरांनी खरबरीत झालेला. चार महिने मी त्याच्या शेजारी बसले होते, आणि ह्या हाताचं बोटही मला लागणार नाही इतकं अंतर राखून बसले होते. वाकून चढताना मी तोल सावरण्यासाठी तो आणखी घट्ट धरला.

होडी खाडीत शिरली. दोन्ही काठांना मिठागरांचे पांढरे ढीग दिसत होते. मास्तर एका कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. तो सुकाणूपाशी उभा होता, दोर एका हातात, नजर शिडावर. मी उठून त्याच्याजवळ गेले. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, कारण हळू बोलले असते तर ते न बोलण्यासारखंच झालं असतं.

“दादा, माझं चुकलं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो रागावलेला नव्हता, पण मला सोडूनही देत नव्हता.

“चुकलाच,” तो म्हणाला. “आता खाली वाका सगली. शीड फिरतंय.”

आम्ही सगळे वाकलो. मास्तर सर्वांत खाली.